फडताळातील डबा

केरीच्या आमच्या जुन्या घरात माजघराच्या फडताळात एक पितळी डबा अजून आहे. झाकणाला कडी, कडीला लहानसे कुलूप, आणि त्या कुलपाची किल्ली आजीच्या कनवटीला. पेडण्याच्या पुनवेच्या जत्रेतून आणलेले खाजे आणि खडखडे लाडू या डब्यात पडत. दिवेलागणीनंतर परवचा म्हणून झाला की आजी डबा उघडी आणि प्रत्येक मुलाच्या तळहातावर खाज्याच्या दोन कांड्या ठेवी. तिसरी मागणाऱ्यास "जत्रा संपली" एवढेच उत्तर मिळे. चार-पाच दिवसांत डबा रिकामा होई आणि पुढच्या सणापर्यंत रिकामाच राही.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही याच घरात राहावयास आलो, तेव्हा त्या फडताळात प्लास्टिकच्या सात बरण्या मांडल्या गेल्या. शेव, चिवडा, चकली, खारी, बिस्किटे, केळ्याचे काप आणि फरसाण. या बरण्यांना कुलूप नव्हते, आणि त्या कधी रिकाम्या होत नसत.

एका डब्यापासून सात बरण्यांपर्यंतची ही साठ वर्षे कशी गेली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आपल्या त्रैमासिकात ताम्रपट, सनदा, देवस्थानांचे दप्तर यांवरील लेख येत असतात. त्यांच्या शेजारी मधल्या वेळच्या खाण्याचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रौढांमधील मधुमेहाचे देशातील प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यातील २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक, असल्याचे आढळले. ज्या घराण्यांच्या वंशावळी आपण जपतो, त्यांतील चौथ्या माणसाच्या रक्ताचा हा प्रश्न आहे. तो किरकोळ खचित नाही.

जुन्या वैद्यकात या सवयीला स्वतंत्र नाव आहे. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे म्हणजे 'अध्यशन'. चरकसंहितेत त्याची व्याख्या ग्रहणीच्या प्रकरणात येते. सुश्रुताने स्थूलपणाच्या कारणांत कफकारक आहार, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोप यांच्याच पंक्तीला अध्यशनाची सवय बसवली आहे. निवृत्त सरकारी नोकराच्या दिनक्रमाचे याहून नेमके वर्णन आमच्या वाचनात नाही.

चमचमीत पदार्थ आपल्याकडे नवे आहेत, असेही नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मांडे, पोळ्या, वडे आणि इडलीसारखे पदार्थ आले आहेत. गोव्याचे कदंब हे याच चालुक्यांचे मांडलिक. पण हे सारे पदार्थ राजाच्या अन्नभोगाच्या प्रकरणात येतात, म्हणजे ताटावरचे म्हणून येतात. वडा तेव्हाही होता. तो जेवणाचा भाग होता, जेवणाची वाट पाहण्याचा नव्हे.

सावंतवाडीकरांच्या अमदानीत पेडणे, डिचोली, सत्तरी येथे स्थिरावलेली आपली घराणी १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगिजांच्या अमलाखाली आली. राज्य बदलले तरी चुलीचे वेळापत्रक फारसे बदलले नाही. आमच्या लहानपणापर्यंत ते असे होते: सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे किंवा ज्यांच्याकडे चाले त्यांच्याकडे भाजलेला सुका बांगडा, दुपारी आमटी-भात, रात्री लवकर पुन्हा भात. मध्ये जे काही तोंडात पडे त्याला निमित्त असे. उन्हातून आलेल्यास गूळ-पाणी मिळे. चैत्र-वैशाखात करवंदे, जांभळे आणि काजूची बोंडे, पावसाळ्यात निखाऱ्यांवर भाजलेल्या फणसाच्या आठळ्या, चवथीला नेवऱ्या, नरकचतुर्दशीला गुळाचे, दुधाचे, ताकाचे फोव, आणि जत्रेला खाजे. ऋतूचा, तिथीचा आणि आजीच्या किल्लीचा असा तिहेरी पहारा मधल्या वेळच्या खाण्यावर होता.

यावरून जुनी माणसे मोठी संयमी होती असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांस मान्य नाही. घरात तांदूळ बेताचेच असत. बायका सर्वांच्या मागून जेवत आणि उरले तेवढ्यावर भागवत. ज्या कुळांनी आमची शेते कसली, त्यांच्या घरी कुलूप लावण्याजोगा डबाच नव्हता. पुष्कळांचा मिताहार हा नाइलाजाचा मिताहार होता, आणि त्याची किंमत पुढील पिढ्यांनी मोजली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा दीर्घ अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान, अंगाने किडकिडीत, पण चरबीच्या प्रमाणात मागे नसलेली अशी जन्मतात, हे त्यातून दिसून आले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिकांनी आपले आणि आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, परंतु ब्रिटिशाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५ वर आणली आणि पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे ठरविले. पिढ्यान्पिढ्या तुटपुंज्या अन्नावर घडलेल्या देहापुढे सात बरण्या उघड्या पडल्या, म्हणजे काय होणार हे वेगळे सांगावयास नको.

आता पहारा कसा उठला ते पाहू. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द आपण पोर्तुगीज भाषेतून घेतले. वस्तू पुष्कळ आधी गोव्यात आल्या तरी नव्या काबिजादीतील आपल्या घरांत त्या उशिरा शिरल्या. पाव खाल्ला म्हणजे माणूस बाटला असे मानणारी वृद्ध मंडळी आम्ही स्वतः पाहिली आहेत. त्या समजुतीचे समर्थन कोणी करू नये. ती गेली हे उत्तमच झाले. चहाचीही तीच कथा. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात चहावर उपकर बसवून त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला आणि हळूहळू तो शहरांतून खेड्यांत उतरला. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा पोर्तुगीज सरकारने हॉलंडहून बटाटे आणि सिलोनहून चहा आणवला. नाकेबंदीतही या दोन वस्तूंवाचून चालत नव्हते, यावरून त्या किती मुरल्या होत्या ते कळते.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. रस्ते झाले, शाळा झाल्या, कचेऱ्या उघडल्या आणि प्रत्येक कचेरीसमोर एक चहाचे हॉटेल उघडले. भाजी-पाव, मिरचीची भजी, बटाटवडा. १९९४ मध्ये परदेशी पामतेलाची आयात खुली झाली आणि तळण स्वस्त झाले. त्याच दशकात चकचकीत पाकिटे खेड्यातील दुकानांच्या दारात माळेसारखी लटकू लागली. पूर्वी चकली करावयाची तर भाजणी भाजण्यापासून दोन दिवस मोडत. म्हणून ती दिवाळीतच होई. आता दिवाळी बाराही महिने दुकानात टांगलेली असते. श्रम गेले, त्याबरोबर तिथीही गेली.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत चौतीस वर्षे काढली. अकराचा चहा, दुपारी साडेतीनचा चहा, कोणाची बढती, कोणाच्या मुलाचा निकाल, कोणाची बदली रद्द झाली म्हणून पेढे. आजीच्या काळी जत्रा वर्षातून एकदा येई. कचेरीत ती रोज भरे. निवृत्तीच्या वेळी पाच फूट पाच इंच उंचीला आमचे वजन ८४ किलो आणि कमरेचा घेर १०४ सेंटिमीटर होता. डॉक्टरांनी साखर सीमारेषेवर असल्याचे सांगून रोज चालण्यास बजावले. आम्ही आज्ञाधारकपणे रोज सायंकाळी केरीच्या फेरी-धक्क्यापर्यंत चालत जाऊ लागलो. समोर तेरेखोलचा किल्ला, खाली भरतीचे पाणी, सुरूच्या बनातून येणारा वारा. आणि धक्क्यावर एक टपरी. अर्धा तास चालून आम्ही तेथे दोन बटाटवडे आणि गोड चहा घेत होतो, आणि महिन्याअखेर वजन वाढले कसे याचे नवल करीत होतो.

हे हसण्यावारी नेता आले असते. परंतु आमच्या मनात एक जुनी गोष्ट सलत होती. आमचे थोरले चुलत बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, मधुमेहाने पुष्कळ वर्षे आजारी होते. पायाच्या जखमेने त्यांची दोन बोटे काढावी लागली. अंथरुणावर असताना आम्ही भेटीस जात असू आणि दर वेळी डबा भरून चिवडा नेत असू, कारण तो त्यांना आवडे आणि रिकाम्या हाताने आजाऱ्याकडे कसे जावे, हा प्रश्न आम्हांस पडे. वहिनी काही बोलत नसत. दादा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा डबा स्वच्छ घासून परत दिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, ही आपली रीत. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, आज यात साखर घालायला माझा हात होत नाही." त्या वाक्यात राग नव्हता. तो असता तर बरे झाले असते.

वजन उतरविण्याचे उपाय शोधताना आम्हांस असे आढळले की या प्रश्नावर अवघ्या मराठी समाजात एक मोठा वाद होऊन गेला आहे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनदाच जेवावे आणि मध्ये काही खाऊ नये असा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला. २००४ साली त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो विचार महाराष्ट्रभर नेला: कडकडीत भूक लागते अशा दोन वेळा ओळखाव्यात, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे, आणि रोज ४५ मिनिटे चालावे. याच्या नेमके उलट, मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी २००९ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा सल्ला दिला होता. २०१८ च्या सुमारास लग्नाच्या पंक्तीत "तुम्ही दीक्षितांचे की दिवेकरांचे?" असे विचारले जाई. अद्वैत-द्वैताच्या वादात जी ईर्षा असे, तीच येथे भाताच्या वाटीवरून दिसू लागली.

असा वाद जगालाही नवा नाही. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने १८६३ साली आपल्या लठ्ठपणावर एक पुस्तिका लिहिली. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे सोडून त्याने वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरविले होते. त्याच्या नावावरून स्वीडिश भाषेत वजन उतरविण्याला आजही 'बांटा' हे क्रियापद आहे. बँटिंगने सोडलेल्या सहांपैकी पाव, दूध, साखर आणि बटाटे हे चौघेही आमच्या धक्क्यावरच्या टपरीत एका बाकावर भेटत होते.

मग दोन वेळा की आठ वेळा? २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेला प्रयोग येथे उपयोगी पडतो. सर्वांना बेताचाच आहार दिला. निम्म्यांना तो सकाळी आठ ते दुपारी चार याच वेळेत घ्यावयाचा होता. वर्षाअखेर त्यांचे वजन सरासरी ८ किलोंनी आणि इतरांचे ६.३ किलोंनी घटले. हा फरक संख्याशास्त्रानुसार ग्राह्य ठरला नाही. अर्थात घड्याळापेक्षा एकूण माप महत्त्वाचे. मग माप का सुटते? अमेरिकेत २०१९ साली झालेल्या दुसऱ्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे कारखान्यातील तयार पदार्थ आणि दोन आठवडे साधे शिजवलेले अन्न हवे तितके खाऊ दिले. तयार पदार्थांच्या काळात ते रोज सुमारे ५०० कॅलरी अधिक खात होते, आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नव्हते. दीक्षित आणि दिवेकर या दोघांच्या पद्धतीत एक गोष्ट समान आहे. पाकिटातले, हाताला लागेल तेव्हाचे, निमित्तावाचूनचे खाणे दोघांनाही नको आहे. आमच्या आजीलाही ते नको होते. तिची पद्धत मात्र पुस्तकाची नव्हती, किल्लीची होती.

हे ध्यानात आल्यावर आम्ही जे केले ते थोडक्यात सांगतो. प्रथम कचेरीच्या सवयीने आवक-जावक वही घातली. मधल्या वेळी तोंडात गेलेली प्रत्येक वस्तू, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कारण. महिनाभराने पाहिले तो 'भूक' हे कारण अगदी थोड्या ठिकाणी होते. बाकी सर्वत्र 'समोर होते', 'आग्रह झाला', 'वर्तमानपत्र वाचत होतो', 'पाऊस पडत होता'. चार कप चहात दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला ४० ग्रॅम आणि महिन्याला सव्वा किलोच्या घरात साखर होते, हा हिशोब चौतीस वर्षे फायली तपासणाऱ्या आम्हांस प्रथमच सुचला. शेव-चिवड्याच्या १०० ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास कॅलरी असतात; वाचता वाचता रिचविलेल्या दोन मुठी एका मोठ्या भाकरीहून भारी पडतात.

नंतर सात बरण्या काढून टाकल्या आणि पितळी डबा घासून पुन्हा वापरात आणला. घरात एका वेळी एकच खाऊ, तो डब्यात मावेल इतका, आणि तो संपल्यावर पुढचे निमित्त येईपर्यंत नवा नाही. चहा दोन कपांवर आला. साखर महिन्याला अर्धा चमचा याप्रमाणे उतरवीत नेली, म्हणून जिभेने फारसे बंड केले नाही. सायंकाळी पाच वाजता खरोखर भूक लागते असे वहीने दाखविले होते. त्या वेळेला मूठभर भाजलेले चणे किंवा एक फळ यांचा मान ठेवला. पेजेची वाटी सकाळी परत आली, आणि तिच्याबरोबर कुळीथ किंवा मूग आले. त्यामुळे अकराची कासाविशी थांबली. आल्या-गेल्यास बशीभर फरसाणाऐवजी आमसुलाचे तिवळ किंवा पातळ ताक देऊ लागलो. गुळाच्या नावाने मात्र कोणी फसू नये. गूळ-पाण्याची रीत गोड असली तरी साखर ती साखरच. एकादशीला तळलेला साबुदाणाही वहीत लिहावा लागला. हा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मुळी दक्षिण अमेरिकेचा. आपल्या उपासात तो पोर्तुगिजांच्या मागून आला. आणि धक्क्यावरून आम्ही आता टपरीच्या दहा पावले अलीकडूनच परततो. त्या दहा पावलांत जेवढा निग्रह लागतो, तेवढा उरलेल्या अर्ध्या तासात लागत नाही.

चौदा महिन्यांत ८४ चे ७७ किलो झाले, घेर ९७ वर आला. मध्ये चवथीच्या पंधरवड्यात दोन किलो परत चढले होते, आणि ते उतरविण्यास दिवाळी गाठावी लागली. तज्ज्ञांच्या मर्यादेपासून आम्ही अजून दूर आहोत, त्यामुळे कोणास उपदेश करण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. एक सूचना मात्र कर्तव्य म्हणून करतो. जे इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेतात त्यांनी दोन जेवणांतील खाणे आपल्या मताने बंद करू नये. साखर एकाएकी उतरणे हेही जिवावरचे असते. आधी वैद्यास विचारावे.

आपल्या घराण्यांनी मुलूख बदलताना देव, कुलाचार आणि दप्तर बरोबर आणले, आणि ते आपण अभिमानाने सांगतो. त्या कुलाचारातच प्रत्येक पदार्थाला त्याची तिथी नेमून दिलेली होती, हे सांगण्यास मात्र आपण विसरलो. पदार्थ ठेवले आणि तिथी सोडली. वजन उतरविण्यासाठी खाजे सोडावे लागत नाही. त्याला त्याची जत्रा परत द्यावी लागते. ते सोपे नाही, कारण आज पहारा ठेवणारी आजी बाहेर कोठे नाही.

गोव्याच्या खाज्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गेल्या पुनवेला आम्ही पाव किलो आणले. डबा बंद करण्यापूर्वी चार कांड्या कागदात बांधल्या आणि वहिनींकडे गेलो. त्यांनी पुडी उघडून पाहिली, मोजली, दोन कांड्या ठेवून घेतल्या आणि दोन आम्हांस परत दिल्या.